‘मी तिथं होतो’: जुना बँड प्रत्यक्ष ऐकणं आणि पुराव्याचा प्रश्न

संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक समज पक्का बसलेला असतो. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याचा शब्द म्हणजे सगळ्यात भक्कम पुरावा. पेटच्या अभ्यासात आपण ‘प्राथमिक साधनं’ आणि ‘दुय्यम साधनं’ अशी दोन खाती पाठ करतो, साक्षीदाराला पहिल्या खात्यात टाकतो आणि पुढं सरकतो. आज हा समज जरा तपासून बघू. उदाहरणासाठी किल्ला, सनद किंवा बखर घेत नाहीये. घेतेय एक बँड. मँचेस्टरचा ‘न्यू ऑर्डर’, म्हणजे आधीचा ‘जॉय डिव्हिजन’.

हा माझा आवडता बँड आहे हे आधीच सांगून टाकते. आवडत्या विषयावर संशोधन करू नका असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. माझं मत वेगळं आहे. जरूर करा, फक्त जिथं मन लगेच ‘हो’ म्हणतं तिथं दोन प्रश्न जास्त विचारा.

ज्यांनी यांना ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. १९७६-७७ मध्ये इंग्लंडमध्ये पंक संगीताची लाट आली. तीन-चार सूर, मोठा आवाज आणि ‘आम्हालाही जमेल’ ही हिंमत. त्या लाटेमागून जे बँड आले, त्यांनी त्यात सिंथेसायझर, नाचाचा ठेका आणि वेगळं काहीतरी करायची हौस मिसळली. त्यांना ढोबळमानाने ‘न्यू वेव्ह’ हे नाव पडलं. जॉय डिव्हिजनमध्ये चौघं होते: गायक इयन कर्टिस, गिटारवर बर्नार्ड समनर, बासवर पीटर हुक, ड्रमवर स्टीफन मॉरिस. १९७७ मध्ये हे ‘वॉर्सॉ’ या नावाने वाजवायचे, १९७८ च्या सुरुवातीला नाव बदललं. मे १९८० मध्ये कर्टिस गेला. उरलेल्या तिघांनी नाव पुन्हा बदललं, त्याच वर्षी गिलियन गिल्बर्ट सिंथेसायझर आणि गिटारवर आली, आणि ‘न्यू ऑर्डर’ उभा राहिला. तो आजही वाजवतो. म्हणजे बँडचं वय चाळिशीच्या पुढं आणि वाजवणाऱ्यांचं साठीच्या पुढं.

चाळीस माणसं, हजारो साक्षीदार

४ जून १९७६. मँचेस्टरच्या ‘लेसर फ्री ट्रेड हॉल’मध्ये सेक्स पिस्टल्स या लंडनच्या बँडचा कार्यक्रम झाला. हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन स्थानिक पोरांनी तो ठरवला होता. प्रेक्षक किती? जाणकारांच्या अंदाजाने चाळीसच्या आसपास. हॉल जवळपास रिकामाच. त्या चाळिसांत समनर आणि हुक होते. बास गिटार आपण दुसऱ्याच दिवशी विकत घेतली असं हुक सांगतो. प्रेक्षकांतला आणखी एक तरुण, मॉरिसी, याने संगीताच्या साप्ताहिकाला या कार्यक्रमाबद्दल पत्र लिहिलं आणि ते त्याच महिन्यात छापून आलं. पुढं तो ‘द स्मिथ्स’चा गायक झाला.

आता गंमत बघा. या कार्यक्रमाला ‘मी होतो’ असं सांगणाऱ्यांची संख्या वर्षागणिक वाढत गेली. डेव्हिड नोलन या पत्रकाराने याच विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं, ‘आय स्वेअर आय वॉज देअर’. शीर्षकातच थट्टा आहे. फॅक्टरी रेकॉर्ड्सचा टोनी विल्सन आपण तिथं होतो असं नेहमी सांगायचा, तरी तो या कार्यक्रमाला होता की सहा आठवड्यांनी, २० जुलैला, त्याच हॉलमध्ये झालेल्या दुसऱ्या कार्यक्रमाला होता, यावर वाद आहे. कर्टिस दुसऱ्या कार्यक्रमाला होता.

ही सगळी माणसं खोटं बोलतात का? मला तसं वाटत नाही. एकाच हॉलमध्ये, त्याच बँडचे, दीड महिन्याच्या अंतराने दोन कार्यक्रम झाले. नंतर त्यातला पहिला ‘ऐतिहासिक’ ठरला. मग आठवण आपोआप पहिल्याकडे सरकते. आपल्याकडे एखाद्या गाजलेल्या सभेला अख्खं गाव हजर असतं ना, तसंच. घटना मोठी ठरली की साक्षीदार वाढतात.

इथं तुमच्या कामाचा धडा एवढाच: साक्ष कधीची आहे ते आधी बघा. मॉरिसीचं पत्र त्याच महिन्यातलं आहे. तेव्हा त्या रात्रीचं पुढं काय होणार हे त्यालाही माहीत नव्हतं. तीस वर्षांनी दिलेली मुलाखत निरुपयोगी नसते, पण ती १९७६ बद्दल जितकं सांगते तितकंच मुलाखतीच्या वर्षाबद्दलही सांगते. तुमच्या वहीत प्रत्येक नोंदीपुढं दोन तारखा हव्यात. घटना कधी घडली आणि ती कधी सांगितली गेली.

पाहिलं, पण कळलं का?

आता मान्य करू की साक्षीदार खरोखरच हजर होता. तरी अडचण संपत नाही.

१९७९ च्या सुरुवातीला इयन कर्टिसला अपस्माराचं, म्हणजे फिट्सचं निदान झालं. स्टेजवर तो एका विशिष्ट पद्धतीने नाचायचा, हात झटकत, अंग आखडत. हे नाचणं त्याची ओळख होतं. नंतर त्याला स्टेजवरच फिट येऊ लागल्या, आणि समोरच्या लोकांना नाच कुठं संपला आणि फिट कुठं सुरू झाली ते कळेना. कार्यक्रमाचाच भाग समजून लोक टाळ्या वाजवायचे. १८ मे १९८० ला, बँडच्या पहिल्या अमेरिका दौऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी, त्याने आयुष्य संपवलं. वय २३.

हे लिहिताना मला दरवेळी थांबायला होतं. एक माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्रासात होता. हॉलमध्ये शेकडो ‘प्राथमिक साधनं’ उभी होती, आणि त्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ त्यांना लागला नाही. बँडमधल्या साथीदारांनीही नंतर सांगितलं की गाण्यांच्या शब्दांकडे आपलं तेव्हा नीट लक्षच नव्हतं. रोज शेजारी उभी राहणारी माणसं होती ती.

आणि मग उलटी चूक होते. कर्टिस गेल्यावर लोक जुने फोटो, जुनी गाणी पाहून म्हणू लागले, ‘सगळं स्पष्टच होतं की.’ तसं ते नव्हतं. शेवट माहीत झाला की आधीच्या प्रत्येक गोष्टीत आपल्याला त्याची चाहूल दिसायला लागते. इतिहास लिहिताना ही खोड सगळ्यात जास्त नडते. यावर माझा साधा उपाय असा: एखाद्या वर्षाबद्दल लिहिताना पुढच्या वर्षाची कागदपत्रं बाजूला ठेवायची आणि विचारायचं, की त्या दिवशी त्या माणसाला काय माहीत होतं? त्या वेळच्या प्रेक्षकांना दोष देणं सोपं आहे. त्यांना काय दिसू शकत होतं हे शोधणं अवघड आहे, आणि आपलं काम तेच आहे.

कॅसेटवरून लावलेले शब्द

जॉय डिव्हिजनचा शेवटचा कार्यक्रम २ मे १९८० ला बर्मिंगहॅम विद्यापीठात झाला. त्यात ‘सेरेमनी’ नावाचं नवं गाणं वाजवलं. स्टुडिओत ते नीट रेकॉर्ड व्हायच्या आधीच कर्टिस गेला. न्यू ऑर्डरने आपली पहिली एकल रेकॉर्ड म्हणून हेच गाणं काढायचं ठरवलं, तेव्हा लक्षात आलं की शब्द कुठं लिहून ठेवलेलेच नाहीत. हाताशी होत्या त्या टेप, आणि त्यांत गायकाचा आवाज दबलेला. समनरने टेपचा आवाज इक्वलायझरमधून काढून, म्हणजे काही कंपनं वाढवून काही दाबून, जमेल तसे शब्द उतरवून घेतले.

पोथ्यांवर काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. मूळ लेखकाच्या हातचं काही नाही, हाती आलेल्या प्रती खराब, आणि त्यांतून पाठ निश्चित करायचा. शिवाय न्यू ऑर्डरने हे गाणं दोनदा रेकॉर्ड केलं, एकदा तिघांनी आणि एकदा गिल्बर्टसह. म्हणजे पाठभेदही आले. आज प्रत्यक्ष कार्यक्रमात तुम्ही हे गाणं ऐकता, तेव्हा एका तरुणाचे शब्द त्याच्या मित्राने ऐकून लावलेल्या रूपात ऐकत असता. यात कमीपणा काही नाही. पण ‘मूळ’ हा शब्द वापरताना तुमची लेखणी क्षणभर अडखळली पाहिजे.

यंत्र वाजतंय, मग माणसं काय करतायत?

७ मार्च १९८३ ला ‘ब्लू मंडे’ आलं. साडेसात मिनिटांच्या आसपास लांबीचं, बारा इंची रेकॉर्डवर. ठेका ओबरहाइम कंपनीच्या डीएमएक्स या ड्रम मशीनचा. सूर क्रमाने वाजवणारा सीक्वेन्सर समनरने सुट्या भागांच्या किटमधून स्वतः जोडलेला. प्रत्येक सूर हाताने भरायचं काम गिल्बर्टकडे होतं. तिने सगळा क्रम कागदांवर लिहिला आणि ते कागद एकमेकांना चिकटपट्टीने जोडले. विणकामाच्या नमुन्यासारखं ते दिसायचं असं तिने पुढं एका मुलाखतीत सांगितलं. भरताना एक सूर चुकून सुटला, त्यामुळे सुरावट ठेक्याच्या किंचित बाजूला सरकली, आणि ती तशीच ठेवली गेली. ज्या गाण्याला लोक ‘यंत्राचं गाणं’ म्हणतात, त्याची चाल एका माणसाच्या हातून सुटलेल्या सुरामुळे तशी आहे.

या गाण्यामागची एक कल्पना अशीही सांगितली जाते: कार्यक्रम संपल्यावर लोक आणखी एका गाण्याचा आग्रह धरतात, बँडला ते आवडायचं नाही, तर बटण दाबून निघून जाता येईल असं काहीतरी असावं. पण बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये बोलावणं आलं तेव्हा हेच लोक हटून बसले. तिथं सर्रास रेकॉर्ड लावून ओठ हलवले जायचे. यांनी सांगितलं, आम्ही खरंच वाजवणार. वाजवलं. फार चांगलं झालं नाही. त्यानंतर गाणं विक्रीच्या यादीत खाली घसरलं असं बँडची माणसं हसत सांगतात.

आता तुम्ही काय कराल? हसून पुढं जाल की तपासाल? या दाव्याचा एक भाग तपासता येतो, कारण विक्रीची यादी दर आठवड्याला छापली जायची. गाणं वसंतात १२ व्या क्रमांकापर्यंत गेलं, मग उतरलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ९ व्या क्रमांकावर आलं. घसरण झाली हे यादीवरून कळतं. ती वाईट वाजवण्यामुळेच झाली हे मात्र यादी सांगत नाही. गाणी तशीही वर जातात आणि उतरतात. ‘यानंतर झालं’ आणि ‘यामुळे झालं’ या दोन वाक्यांमधलं अंतर विज्ञानाच्या मुलांना प्रयोगशाळेत शिकवतात. कागदपत्रांत शिरल्यावर आपण ते का विसरतो, कोण जाणे.

याच रेकॉर्डची दुसरी दंतकथा. पीटर सॅव्हिलच्या स्टुडिओने कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं केलं होतं, कापलेल्या खिडक्यांसकट. त्याचा खर्च एवढा की प्रत्येक प्रतीमागे फॅक्टरीला तोटा व्हायचा म्हणे. गोष्ट छान आहे. पण तोट्याचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. आकडा हलत असेल तर समजा की हिशेबाची वही अजून कोणी समोर ठेवलेली नाही.

मूळ संच की नवा संच?

मराठी नाटकांच्या जाहिरातीत ‘मूळ संचात’ किंवा ‘नव्या संचात’ असं छापतात. प्रेक्षक ते वाचूनच तिकीट काढतो. जुन्या बँडच्या तिकिटावर अशी ओळ नसते.

न्यू ऑर्डरमधून गिल्बर्ट २००१ मध्ये बाहेर पडली, २०११ मध्ये परत आली. हुक २००७ मध्ये बाजूला झाला आणि त्याने स्वतःचा बँड काढला. २०१० पासून तो जॉय डिव्हिजनचे अल्बम अथपासून इतिपर्यंत स्टेजवर वाजवतो. नाव आणि पैशांवरून वाद झाला, २०१७ मध्ये तडजोड झाली. आजच्या न्यू ऑर्डरमध्ये समनर, मॉरिस आणि गिल्बर्ट यांच्यासोबत फिल कनिंगहॅम आणि टॉम चॅपमन असतात. म्हणजे एकीकडे तो विशिष्ट बास गिटारचा आवाज, दुसरीकडे नाव आणि जुन्यातले तिघं. कोणता कार्यक्रम ‘खरा’?

मी त्यांना एकदाच प्रत्यक्ष पाहिलंय, मँचेस्टरला, एका कॉन्फरन्सच्या प्रवासाला जोडून. मोठं मोकळं मैदान, आणि पन्नाशी-साठीतली माणसं आपल्या मुलांना घेऊन आलेली. ‘ब्लू मंडे’चे पहिले ठोके पडले तेव्हा शेजारचे एक आजोबा मला म्हणाले, हे मी त्याच साली ऐकलंय, तेव्हा मशीन मध्येच बंद पडायची. मी हसले, आणि मनात दोन तारखा टिपल्या. शेवटी जॉय डिव्हिजनची गाणी सुरू झाली आणि पडद्यावर कर्टिसचा चेहरा आला. खाली साठी ओलांडलेला समनर, वर तेविशीतला मित्र. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवण्यात अर्थ नाही.

पण त्यानंतर ‘खरा कार्यक्रम कोणता’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटायला लागला. तुमच्यासमोर स्टेजवर एक वर्ष नसतंच, अनेक वर्षं एकावर एक रचलेली असतात. चाल १९८० ची, शब्द नंतर टेपवरून उतरवलेले, आवाज आजच्या संगणकातून येणारा, हात साठीतले, ऐकणारे तीन पिढ्यांचे. संशोधकाने विचारायचं ते असं: यातली कोणती गोष्ट कोणत्या वर्षाची? २०१७ मध्ये मँचेस्टर इंटरनॅशनल फेस्टिव्हलसाठी न्यू ऑर्डरने जुनी गाणी उसवून बारा सिंथेसायझर वादकांसाठी नव्याने बांधली. ते बारा जण रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिकमधले विद्यार्थी होते. जागा होती ग्रॅनडा टीव्हीचा जुना स्टुडिओ. जॉय डिव्हिजन १९७८ मध्ये पहिल्यांदा टीव्हीवर दिसला तो ग्रॅनडावरच. संच नवा, जागा जुनी, चाल अर्धी-अर्धी. यात खोटं काय आहे सांगा!

टी-शर्टवरचा प्रबंध

त्या मैदानात दर दहा माणसांमागे एकाच्या अंगावर तरी तो काळा टी-शर्ट होता. पांढऱ्या रेघा, एकामागे एक डोंगररांगा असाव्यात तशा. जून १९७९ मध्ये आलेल्या ‘अननोन प्लेझर्स’ या पहिल्या अल्बमचं हे मुखपृष्ठ. त्यावर ना बँडचं नाव, ना अल्बमचं.

मी एमएस्सी फिजिक्स करून इतिहासाकडे वळलेली, त्यामुळे या रेघा मला आधी वर्गात भेटल्या. हा एका पल्सारचा आलेख आहे. सीपी १९१९ हा माणसाला सापडलेला पहिला पल्सार. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या डॉक्टरेटच्या विद्यार्थिनीने मैलभर लांब आलेखांच्या कागदांवरून नजर फिरवताना त्याची खूण पकडली. दर १.३३७ सेकंदांनी एक स्पंद. १९७४ चं नोबेल तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं, तिला नाही. २०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलरचं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं तेव्हा तिने ती सगळी रक्कम संधी कमी मिळणाऱ्या गटांतल्या मुलामुलींच्या भौतिकशास्त्रातल्या पीएचडीसाठी देऊन टाकली.

आलेख मात्र तिचा नाही. तो हॅरल्ड क्राफ्ट याच्या १९७० च्या प्रबंधातला, कॉर्नेल विद्यापीठातला. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेले ८० सलग स्पंद त्याने एकाखाली एक मांडले, आणि पुढच्या रेघेमागे दडणारा मागच्या रेघेचा भाग दिसू नये अशी सोय प्रोग्रॅममध्ये केली. स्पंदांच्या आत एखादा नमुना सरकत जातो का, हे त्याला पाहायचं होतं. जानेवारी १९७१ मध्ये चित्र ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये आलं, १९७७ मध्ये केंब्रिजच्या खगोलशास्त्र कोशात. तिथून ते बँडमधल्या कोणाच्या तरी नजरेस पडलं. समनरच्या की मॉरिसच्या, यावर दोन मतं आहेत. सॅव्हिलने पांढऱ्यावरच्या काळ्या रेघा काळ्यावर पांढऱ्या केल्या. क्राफ्टला आपलं चित्र रेकॉर्डवर गेल्याचं नंतर कोणीतरी सांगितलं, तेव्हा त्याने दुकानात जाऊन रेकॉर्ड विकत घेतली. या चित्राचा माग थेट त्याच्या प्रबंधापर्यंत नेऊन लोकांसमोर आणला तो २०१५ मध्ये, ‘सायंटिफिक अमेरिकन’च्याच जेन क्रिस्चन्सन यांनी. तोवर लाखो छात्यांवर एक पीएचडी निनावी फिरत होती.

पल्सारचा अभ्यास आपल्याकडेही चालतो, नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीवर. तिथं काम करणारी तुमच्याच वयाची मुलं रात्री दोनला असेच आलेख बघत बसतात. त्यातला एखादा कुठं जाऊन पोचेल, कोणी सांगावं?

क्राफ्टने मुलाखतीत आणखी एक गोष्ट सांगितली. संगणकातून निघालेला आलेख छपाईयोग्य करायला कॉर्नेलमधल्या एका ड्राफ्ट्सवूमनने शाईने गिरवला होता. जगभर गेलेल्या त्या रेघांवर शेवटचा हात तिचा. तिचं नाव या कहाणीत कुठं येत नाही.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा या लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल. प्रबंधात आकृती टाकाल, तेव्हा तिच्याखाली ती कोणी मोजली, कोणी काढली आणि कोणी गिरवली, ही तीन नावं लिहा. एका ओळीचं काम आहे.